सीझन, क्लायंट आणि घर: एका तरुण सीएला उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तीन वर्षांपूर्वी तू तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस सुरू केलीस. लग्नाला दोन वर्षं झाली, बायको बँकेत आहे, आई तुमच्याजवळ राहते. दिवसाचा तास न्‌ तास तू आखलेला असतो, पंचवीस मिनिटांचा टायमर लावून काम करतोस, फोनवर कामांची यादी असते. तरी जुलै ते ऑक्टोबर घरात रोज खटके उडतात. बायको म्हणाली, "तुझ्या कॅलेंडरमध्ये मी एक क्लायंट आहे, तोही फी न देणारा." तुझे प्रश्न दोन: वेळेच्या नियोजनात नक्की कुठे चुकतंय, आणि आपला व्यवसाय कसा असतो हे तिला कसं समजावू?

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते. मीही जिल्ह्याच्या गावी वीसहून जास्त वर्षं प्रॅक्टिस करतेय. याच काळात दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं आजारपण काढलं. माझ्याकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करून गेलेली बरीच पोरं पुढे स्वतःच्या ऑफिसात तुझ्याच जागी येऊन अडकलेली पाहिली आहेत.

तुझं नियोजन उत्तम चाललंय, आणि मला वाटतं दुखणं तिथेच आहे. तूच लिहिलंयस की पहिल्या वर्षी साठेक आयकर रिटर्न्स भरलीस आणि यंदा अडीचशेच्या वर जातील. म्हणजे टायमर, टेम्प्लेट, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून थेट उचललेला डेटा, या सगळ्यातून जो वेळ वाचला तो नव्या क्लायंटनी घेतला. घराच्या वाट्याला त्यातला अर्धा तासही आला नाही. हे तू ठरवून केलंस का? नाही. फोन वाजला, कुणाच्या तरी ओळखीने माणूस आला, तू हो म्हणालास. कामाचा वेग वाढला की रिकामी झालेली जागा आपल्या व्यवसायात आपोआप भरते, कारण गावात "तो पोरगा पटकन करून देतो" असं नाव व्हायला एक सीझन पुरतो.

त्यामुळे आणखी एखादं ॲप, पहाटे चारला उठणं, रविवारी अर्धा दिवस ऑफिस, असलं काही मी सुचवणार नाही. तू दोन तास वाचवलेस तर पुढच्या वर्षी तीनशे रिटर्न्स होतील, एवढंच. पहाटे चारला उठणारा माणूस रात्री साडेनऊला पेंगतो आणि घरच्यांना भेटतो तो तेवढाच. हल्ली पुष्कळांना ही पहाटेची हौस लागली आहे. एकटा राहणाऱ्याने जरूर करावी.

आता क्लायंटची यादी काढ. फीच्या क्रमाने लावू नकोस. गेल्या वर्षी कुणी कागद कोणत्या तारखेला दिले, त्या क्रमाने लाव. पगारदारांची रिटर्न भरायची शेवटची तारीख ३१ जुलै. त्यातले निम्म्याहून अधिक लोक २० तारखेनंतर उगवलेले दिसतील, आणि तुझी रात्रीची जागरणं जवळपास सगळी त्यांच्यामुळेच झालेली असतील. पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला, म्हणजे 'फॉर्म १६', जूनच्या मध्यापर्यंत हातात येतो, उत्पन्न आणि कापलेला कर दाखवणारी एआयएस आणि २६एएस ही विवरणं घरबसल्या दिसतात, तरी माणूस २८ जुलैला रात्री व्हॉट्सॲपवर व्याजाच्या सर्टिफिकेटचा आडवा, अंधारातला फोटो पाठवतो आणि वर लिहितो, "सर, होऊन जाईल ना?" तुझ्या घरातली भांडणं या माणसाने लावलेली आहेत. त्याच्याबद्दल तुझ्या बायकोला समजावण्यापेक्षा त्यालाच एक तारीख समजावणं सोपं आहे.

माझ्या ऑफिसची तारीख १० जुलै असते. त्याआधी संपूर्ण कागद आले तर ३१ च्या आत रिटर्न भरायची जबाबदारी माझी. त्यानंतर आले तर जमेल तसं, आणि जास्त फी. नाहीच झालं तर काय होतं, हे क्लायंटला आधीच शांतपणे सांगून ठेवायचं: उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर ५,००० रुपये लेट फी, खाली असेल तर १,०००, वर बाकी करावर व्याज. जुनी करपद्धत निवडायचा मार्ग बंद होतो आणि काही तोटे पुढे ओढता येत नाहीत, म्हणून ज्यांना हे लागू आहे त्यांना मे महिन्यातच गाठायचं. बाकीच्यांना ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. आभाळ कोसळत नाही, पैसे लागतात, आणि ते ज्याने उशीर केला त्याला लागावेत. आत्ता त्याच्या उशिराची भरपाई तुझं घर करतंय.

पहिल्या वर्षी काही जण सोडून जातील. छोट्या गावात हे अवघड असतं हे मला माहीत आहे. मामांचे मित्र, शाळेतले सर, पतसंस्थेचे चेअरमन, सगळ्यांना तारीख सांगायला जीभ रेटत नाही. पण बघ, जे जातात ते बहुतेक हजार-दीड हजार फीवाले आणि वीस फोन करणारे असतात. मामांच्या मित्राचं रिटर्न मे महिन्यात स्वतःहून फोन करून, कागद मागवून उरकून टाकायचं. नात्यातल्या माणसांना नियम लावण्यापेक्षा त्यांची कामं आधी संपवणं बरं.

टॅक्स ऑडिटचंही, म्हणजे आयकरासाठी व्यापाऱ्यांची पुस्तकं तपासण्याचंही, तेच. एका सीएला वर्षाला ६० ऑडिटची मर्यादा आहे. ती वरची मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. तुझा आकडा तू स्वतः ठरव, आणि शक्य असेल तर बायकोसमोर ठरव. व्यापाऱ्याची विक्री, खरेदी आणि जीएसटीचे आकडे जुळवणं, कर्जाच्या नोंदी, मग ३सीडी हा अहवालाचा फॉर्म, यूडीआयएन हा त्यावरचा क्रमांक. ज्याची पुस्तकं महिन्याच्या महिन्याला लिहिलेली नाहीत, अशा एका ऑडिटला चार नीटनेटक्या ऑडिटएवढा वेळ जातो. अशा क्लायंटला ऑक्टोबरनंतर दर महिन्याचं लिखाण आपल्याकडे द्यायला लाव, नाहीतर दुसरीकडे जाऊ दे.

एक्सटेन्शनबद्दल, म्हणजे सरकारी मुदतवाढीबद्दल, मुद्दाम वेगळं लिहिते, कारण दरवर्षी आपली मंडळी त्यासाठी देव पाण्यात घालून बसतात. २०२५ चं वर्ष आठव. ३१ जुलैची तारीख मे महिन्यातच १५ सप्टेंबरवर गेली, शेवटी आणखी एक दिवस मिळाला. गणपती २७ ऑगस्टला बसले आणि ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, म्हणजे एरवी रिटर्न्सची गर्दी ओसरल्यावर येणारा सण ऐन गर्दीत सापडला. मग ऑडिटची ३० सप्टेंबरची तारीख ऐनवेळी ३१ ऑक्टोबर झाली, पुढे १० नोव्हेंबर. दिवाळी ३० सप्टेंबर आणि ३१ ऑक्टोबरच्या मध्ये सापडली. किती जणांनी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानात जाऊन स्टॉकची यादी मागितली असेल! मुदतवाढ मिळाली की क्लायंट सैल पडतो, आपणही पडतो, आणि काम नव्या तारखेच्या आदल्या आठवड्यात जाऊन साचतं. माझा नियम साधा आहे: मुदतवाढ आली तरी ऑफिसची आतली तारीख हलत नाही. वाढलेले दिवस पोर्टल बंद पडण्यासाठी आणि कुणाच्या घरी खरंच मयत वगैरे झालं असेल त्याच्यासाठी राखलेले. आणि घरी "मुदत वाढली, आता निवांत" असं कधीही जाहीर करू नकोस, कारण ते खरं ठरत नाही आणि पुढच्या वेळी तुझ्या शब्दाला किंमत राहत नाही.

आता बायकोच्या त्या वाक्याकडे येते. ते तू विनोद म्हणून सोडून दिलेलं दिसतंय. मला ते फार नेमकं वाटलं.

आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला तारीख असते. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस (कापलेला कर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १५ ला पीएफ, २० ला ३बी (जीएसटीचं रिटर्न). जीएसटीचं रिटर्न चुकलं की दिवसाला ५० रुपये, टॅक्स ऑडिट चुकलं तर दीड लाखांपर्यंत. दंड असलेलं काम दंड नसलेल्या कामाला ढकलतं, आणि घरातल्या कुठल्याच गोष्टीला लेट फी नाही. म्हणून तू बायकोसाठी गुरुवारी साडेआठचा स्लॉट टाकलास हे ठीक, पण गेल्या चार महिन्यांत तो किती वेळा हलला आणि कशामुळे हलला ते पाहा. जीएसटीच्या नोटिशीसाठी तिची वेळ सरकते; तिच्यासाठी क्लायंटची वेळ कधी सरकल्याचं तिने पाहिलेलं नाही. किती तास दिलेस ते ती मोजत नाही. कोण कुणासाठी सरकतं, ते तिला दिसतं.

त्यावर उपाय मोठा वेळ देणं नाही. सीझनमध्ये तू तो देऊ शकणार नाहीस, आणि देऊ म्हणालास तर मोडशील. आठवड्यातून एक छोटी गोष्ट धर जी काहीही झालं तरी हलणार नाही. बुधवारी रात्रीचं जेवण घरी, फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, इतकीच. पूर्ण रविवार देण्याचं वचन देऊन चारला लॅपटॉप उघडण्यापेक्षा हे पाऊण तासाचं जेवण जास्त उपयोगाचं. त्या वेळेवर एखादा क्लायंट आलाच तर त्याला सांग, "उद्या सकाळी साडेनऊला या." कारण सांगायची गरज नाही. सगळे येतात, मी अजून यावरून भांडलेला क्लायंट पाहिलेला नाही.

उशिरापेक्षाही माणसाला बेभरवसा जास्त छळतो. सात वाजता तू फोन करतोस, "नऊपर्यंत येतो." पोर्टल अडतं, ओटीपी क्लायंटच्या मुलाच्या मोबाइलवर जातो आणि तो मुलगा पुण्यात असतो, तू सव्वाअकराला पोहोचतोस. आईंनी जेवण थांबवलेलं, बायकोने दोनदा पोळ्या गरम केलेल्या. याऐवजी सातलाच "आज अकरा होतील, तुम्ही जेवून घ्या, माझं ताट झाकून ठेवू नका, मी वाढून घेईन" म्हणालास आणि पावणेअकराला पोहोचलास तर तीच रात्र वेगळी जाते. ती वाट पाहत बसत नाही. तिच्या संध्याकाळीवर तिचा ताबा राहतो. स्वतःच्या अंदाजात दीड पट वेळ मिळवूनच घरी आकडा सांगायचा. क्लायंटला आपण असाच सांगतो ना? चार दिवसांचं काम असेल तर आठवडा लागेल म्हणतो. घरी मात्र उगाच आशावादी होतो, कारण त्या क्षणी फोनवरची नाराजी टाळायची असते.

तिला व्यवसाय समजावायचा म्हणतोस. अरे, ती बँकेत आहे. मार्चअखेर काय असते हे तिला तुझ्याइतकंच कळतं. कदाचित जास्तच, कारण एप्रिलमध्ये शाखेत स्टॅच्युटरी (कायद्याने सक्तीच्या) ऑडिटला येणारा सीए चहा कसा मागतो हेही तिने पाहिलेलं असतं. प्रश्न असा आहे की तिच्या मार्चमध्ये घरात काय होतं? ती साडेआठला आली तर रात्रीचा स्वयंपाक कुणी केलेला असतो? तुझ्या पत्रात तिच्या सीझनचा उल्लेख एकदाही नाही.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. हा हिशेब फक्त जे ही कामं करतात त्यांचा. मुळात करणारे पुरुषच थोडे. तुझी पंचवीस-पंचवीस मिनिटांची अखंड चक्रं कुणाच्या तरी तुकड्या-तुकड्यांच्या दिवसावर उभी आहेत. आईंची शुगरची तपासणी, गोळ्या संपत आल्यात हे लक्षात ठेवणं, गॅस, दूधवाल्याचा हिशेब, नणंदेच्या मुलाचा वाढदिवस. ही सगळी कंप्लायन्सच, म्हणजे वेळेत पाळायची कामंच आहेत, फक्त तिचं पोर्टल नाही.

म्हणून "मी मदत करतो" म्हणू नकोस. एक काम मुळापासून तुझ्याकडे घे. आईंची औषधं आणि डॉक्टर घे, असं माझं मत. तारीख लक्षात ठेवणं, रिपोर्ट आणणं, फाइल लावणं, डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवणं, सगळं. बायकोने आठवण करायची नाही आणि तू तिला विचारायचं नाही. ज्या डोक्यात शंभर क्लायंटचे पॅन असतात त्यात मेटफॉर्मिनची पट्टी कधी संपते हे बसायला हरकत नाही. एकच घे, पण सीझनमध्येही परत देऊ नकोस.

बाकी समतोल रोजचा रोज साधायचा नाद सोड. आपल्या व्यवसायात तो साधत नाही आणि साधत नाही म्हणून अपराधी वाटतं, मग त्या अपराधीपणात माणूस घरी आणखी चिडचिडा होतो. समतोल वर्षाचा लावायचा. एप्रिलमध्ये बँक ऑडिट संपलं की दोघांनी बसून भिंतीवरचं मोठं कॅलेंडर भरायचं. आधी तिच्या तारखा: तिची तिमाहीअखेर, तिची रजा, तिच्या माहेरची लग्नं. मग गणपती-गौरी आणि दिवाळी. त्यानंतर तुझ्या तारखा. हा क्रम मुद्दाम सांगतेय. उलट केलं की तिच्या वाट्याला उरलेले तुकडे येतात. ज्या वर्षी गौरी सप्टेंबरच्या मध्यानंतर येतात त्या वर्षी ऑगस्टमध्येच निम्मी ऑडिट्स उरकायला लागतात, हे एप्रिलमध्ये दिसलं तर जमतं. पतसंस्थांची ऑडिट्स घेत असशील तर त्यांच्या सभा सप्टेंबरअखेरीच्या आत असतात, तेही मांडून ठेव. आणि नोव्हेंबरनंतर मोकळा झालास की खरोखर मोकळा हो. पुष्कळ जण तेव्हा नवीन सर्टिफिकेट कोर्स लावून घेतात.

घरी पोहोचल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांबद्दल थोडं. दुकानदाराचा स्टॉक जुळत नाही हे डोक्यात घेऊन तू दारात शिरतोस, बायको काहीतरी सांगते, तू "हं" म्हणतोस. ऑफिसला कुलूप लावण्याआधी पाच मिनिटं दे. उद्यासाठी राहिलेल्या सगळ्या क्वेरी कागदावर लिही आणि कागद टेबलावरच ठेवून ये. लिहिलेलं डोक्यात फिरत राहत नाही, निदान कमी फिरतं. लॅपटॉप झोपायच्या खोलीत नको. क्लायंटसाठी वेगळा नंबर घे आणि तो रात्री नऊनंतर बंद. एकदा रात्री पावणेबाराला रिप्लाय दिलास की तो क्लायंट आयुष्यभर पावणेबारालाच विचारतो.

कामाची एक सवय नकळत घरी येते: मुद्द्याचं बोल, उपाय सांगितला, पुढचा विषय. शाखेत मॅनेजर कसा बोलला हे ती सांगत असते तेव्हा तिला ट्रान्सफरचा अर्ज कसा लिहायचा हे नको असतं. दहा मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटली तरी जाऊ दे. गप्पांमधून काही निष्पन्न व्हायची गरज नसते.

ऑफिसातल्या पोरांचंही बघ. आर्टिकलच्या कामाचे तास आठवड्याला ३५ धरलेले आहेत, आणि आपण त्यांना सप्टेंबरमध्ये रात्री दहापर्यंत बसवतो. त्यांनाही आई-वडील आहेत, काहींना परीक्षा आहेत. ज्या ऑफिसात पोरं साडेसातला निघतात तिथे काम दुपारी वेगाने होतं, कारण रात्र हाताशी नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तू स्वतः त्यांच्यासोबत निघालास तर आणखी उत्तम.

एक शक्यता नाकारू नकोस. हे सगळं करूनही वाद तसेच राहिले, तर वाद वेळेचा नसेल. आई आणि ती यांच्यात काही असेल, पैशांचं असेल, मुलाचा निर्णय असेल. सीझन हे बोलणं टाळायला फार सोयीचं निमित्त असतं, दोघांनाही. मग कॅलेंडर बाजूला ठेवून चांगल्या विवाह समुपदेशकाकडे जा. मी सीए आहे, त्यापुढे मला कळत नाही.

आत्ता जून सुरू आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. पहिलं काम क्लायंटना पत्र. मी दरवर्षी पाठवते तो मजकूर देते, नाव-तारीख बदलून वापर:

"सप्रेम नमस्कार. आपल्या आयकर रिटर्नसाठी लागणारे सर्व कागद १० जुलैपर्यंत ऑफिसमध्ये मिळावेत. या तारखेपर्यंत संपूर्ण कागद देणाऱ्यांचे रिटर्न मुदतीत भरण्याची जबाबदारी आमची राहील. त्यानंतर आलेले काम क्रमाने घेतले जाईल. त्यासाठी जादा फी आकारली जाईल आणि मुदत चुकल्यास लेट फी व व्याज आपल्याला भरावे लागेल. सरकारने मुदत वाढवली तरी ऑफिसची १० जुलै ही तारीख बदलणार नाही. कागदांचे फोटो न पाठवता स्कॅन केलेली प्रत किंवा झेरॉक्स द्यावी. ऑफिसची वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसात. बुधवारी संध्याकाळी सहानंतर ऑफिस बंद राहील."

शेवटची ओळ गाळू नकोस.